पतसंस्थेतले खाते आणि वारस
माणूस गेल्यावर बँकेतली खाती घरच्यांना आठवतात, पतसंस्थेतली मागे राहतात. कपाटात मुदत ठेवीची पावती सापडते. पण संध्याकाळी दुकानात येणाऱ्या एजंटाकडची पिग्मी आणि सभासद होताना घेतलेले शेअर्स कुणाच्या ध्यानीमनी नसतात. यातल्या प्रत्येकाचा नॉमिनी वेगळा असू शकतो. शेअर्सपुरते बोलायचे तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ३० लागते: नॉमिनी असेल तर त्याच्या नावे, नसेल तर संस्थेच्या समितीला वारस वाटेल त्या व्यक्तीच्या. (भावकी जागी होते ती इथेच.) मृत व्यक्ती कुणाच्या कर्जाला जामीन होती का, हेही विचारून घ्या. रक्कम मात्र तिथे पडून राहू देऊ नका. पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेसारखे ५ लाखांचे विमासंरक्षण नाही.