कॉम्प्लेक्स नंबरचा भागाकार: ट्रिक नववीचीच आहे

आजचा एपिसोड अकरावी सायन्सच्या पोरा-पोरींसाठी. खास करून जे दहावीपर्यंत मराठी मीडियमला होते आणि आता लातूरच्या ट्यूशन एरियात, नाहीतर नांदेडला रूम करून राहिलेत. फळ्यावर ‘कॉन्ज्युगेट’ आलं की वाटतं, हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. शिकवलंय. नववीच्या ‘वास्तव संख्या’ धड्यात. नाव होतं छेदाचं परिमेयीकरण.

आठवा, १ भागिले (३ + √२) आलं की वर-खाली (३ − √२) ने गुणायचो. छेदात ९ − २ म्हणजे ७. करणी गायब! त्या (३ − √२) ला पुस्तकात ‘अनुबद्ध’ म्हटलंय. कॉन्ज्युगेट म्हणजे तेच, फक्त √२ च्या जागी आय. आणि आय म्हणजे तरी काय, वजा १ चं वर्गमूळ. म्हणून आय चा वर्ग वजा १.

आता वही काढा, नुसतं ऐकून हे डोक्यात राहत नाही.

(२ + ११आय) ÷ (३ + ४आय)

‘३ + ४आय’ ने भागायचं कसं, तेच कळत नाही ना? पण साध्या संख्येने भागायला सगळ्यांना येतं. म्हणून आधी छेद साधा करायचा. वर-खाली (३ − ४आय) ने गुणा.

खाली ९ वजा १६ गुणिले आय चा वर्ग. आय चा वर्ग वजा १, म्हणून ९ + १६ = २५. इथं थांबा जरा. करणीत वजाबाकी झाली होती, इथं बेरीज होते. सवयीने ९ − १६ लिहिलं की गेलं सगळं.

वर: ६ − ८आय + ३३आय + ४४ = ५० + २५आय. २५ ने भागा, उत्तर २ + आय. ताळा करा: (२ + आय)(३ + ४आय) गुणलं की २ + ११आय परत येतं.

त्या बेरजेमुळंच छेद कधी शून्य होत नाही, मूळ संख्याच शून्य असेल तर गोष्ट वेगळी.

काही जण याचं लांबलचक सूत्र पाठ करतात. मला ते पटत नाही, परीक्षेत चिन्ह विसरलं की संपलं. पुढं इलेक्ट्रिकलला गेलात तर एसी सर्किटमध्ये व्होल्टेज भागिले इम्पीडन्स करताना हीच रीत लागते. तिथं आय ऐवजी जे लिहितात, कारण आय करंटसाठी आधीच घेतलाय. पायथनमध्येपण जे च चालतो.

एक तुम्ही करा: (१ + ७आय) ÷ (२ − आय). छेदात आधीच वजा आहे, तेव्हा अनुबद्ध नीट ठरवा. उत्तर −१ + ३आय यायला पाहिजे.