एका नावाचे दोन मेमकॉपी

लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम ज्या सी लायब्ररीच्या आधाराने चालतात, त्या ग्लिबसीच्या इतिहासातला हा बग प्रत्येक सी शिकणाऱ्याला माहीत असायला हवा.

२०१० साली फेडोरा १४ या लिनक्स वितरणावर ब्राउझरच्या फ्लॅश प्लगइनमधली गाणी खरखरीत ऐकू येऊ लागली. कारण सापडलं मेमकॉपीत. हे फंक्शन मेमरीतले बाइट एका जागेवरून दुसरीकडे नेतं. दोन्ही जागा एकमेकींत मिसळलेल्या नसाव्यात, ही मानकाची अट. तशा असतील तर मेममूव्ह वापरायचं. फ्लॅश ही अट मोडत होतं, पण कॉपी पुढच्या दिशेने होत होती तोवर निभावलं. ग्लिबसीच्या नव्या, वेगवान कोडमध्ये काही प्रोसेसरांवर कॉपी शेवटाकडून होऊ लागली आणि अजून न वाचलेल्या बाइटांवरच नवे बाइट लिहिले जाऊ लागले.

चूक फ्लॅशची की ग्लिबसीची, या वादात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः उतरले. मानक काहीही सांगो, वापरणाऱ्याचं चालतं काम बंद पडू नये, असं त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं!

तोडगा आला २०११ मध्ये, ग्लिबसी २.१४ मध्ये, आणि तो फारच देखणा आहे. एकाच लायब्ररीत मेमकॉपीच्या दोन आवृत्त्या: आधी बांधलेल्या बायनरींना मेममूव्हसारखी सुरक्षित कॉपी, नव्याने कंपाइल होणाऱ्यांना वेगवान. याला सिम्बॉल व्हर्शनिंग म्हणतात. तुमच्या ६४ बिट इंटेल किंवा एएमडी मशीनवरच्या मेमकॉपी वापरणाऱ्या एखाद्या बायनरीवर ऑब्जडम्प हे साधन चालवा. मेमकॉपीच्या शेजारी अजूनही २.१४ हा आकडा दिसेल.