पाईप आधी, कॅमेरा नंतर

दिवाळी आटोपली की चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली इकडे घरांची कामं निघतात. कवेलू उतरवून स्लॅब टाकायचा, ओसरी बंद करून खोली काढायची, वर एक मजला चढवायचा. मृग लागायच्या आत प्लास्टर झालंच पाहिजे, म्हणून सगळी धावपळ. या धावपळीत वायरमनला पॉइंट सांगितले जातात ते पंख्याचे, कूलरचे, मोटरपंपाचे. इंटरनेट आणि कॅमेऱ्याचा विषय निघतो तो रंग झाल्यावर. मग नव्या कोऱ्या भिंतीवरून केबल लोंबकळते, खिडकीच्या चौकटीला भोक पडतं आणि घरधनी म्हणतो, आधी कोणी सांगितलं का नाही? सांगणारे पुष्कळ असतात. त्यांनी सांगितलेलं बरंचसं अर्धवट असतं, ही खरी अडचण.

‘आता सगळं वायफायवर चालतं, वायर कशाला?’

वायफाय म्हणजे रेडिओलहरी, आणि लहरींना भिंत अडवते. जुन्या घराची मातीची किंवा विटांची दीड फुटी भिंत, सळ्यांचा स्लॅब, वर टिनाचं छप्पर, यातून सिग्नल गाळत गाळत जातो. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते पण संथ असते; ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते, पण एक-दोन भिंतींतच दमते. त्यावर उपाय म्हणून रिपीटर आणला जातो. साधा रिपीटर एकाच वाटेने सिग्नल घेतो आणि पुढे देतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो.

कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट बिनबोभाट नेते. आपल्याकडच्या घरात एवढी लांबी भरतच नाही. म्हणून बैठकीत एक, वरच्या मजल्यावर एक आणि मुलं अभ्यासाला बसतात तिथे एक केबल न्यावी. वरच्या केबलच्या टोकाला छताजवळ अ‍ॅक्सेस पॉइंट लावला की वरचं वायफायही सुधारतं. फायबरची लाइन जिथून घरात शिरते तो समोरचा कोपरा राउटरसाठी बहुधा सगळ्यात वाईट असतो. सगळ्या केबल घराच्या मध्यावरच्या एखाद्या कोरड्या, हवेशीर जागी आणाव्यात.

तरी माझा भर केबलवरही नाही, पाईपवर आहे. राउटर चार-पाच वर्षांत जुना होतो, कॅमेरा त्याच्याही आधी. भिंत मात्र पुढच्या पिढीपर्यंत तीच राहणार. २५ मिलिमीटरच्या पाईपमध्ये चार कॅट-६ केबल सुखाने जातात. वळणावर काटकोनी एल्बो न टाकता लांब बेंड टाकावा आणि प्रत्येक पाईपमध्ये एक नायलॉनची दोरी ओढून ठेवावी. उद्या केबल बदलायची झाली तर ती त्या दोरीला बांधून ओढता येते, छिन्नी-हातोडा लागत नाही. गेटकडे, गच्चीवर आणि मागच्या सांदवाडीकडे आज कॅमेरा घ्यायचा नसला तरी एकेक रिकामा पाईप सोडावा. एकूण कामाच्या खर्चात तो कुठेच दिसत नाही.

‘लाइटच्याच पाईपमधून जाऊ द्या, जागा आहे’

हे कधीच चालू देऊ नये. सिग्नलमध्ये खरखर येते हे कारण दुय्यम. २३० व्होल्टच्या वायरचं आवरण उंदराने कुरतडलं किंवा ओढताना सोललं, तर तो करंट केबलमधून राउटरपर्यंत आणि राउटरला हात लावणाऱ्यापर्यंत पोचू शकतो. दोन पाईप वेगळे आणि एकमेकांपासून अंतर राखून न्यावेत. एकमेकांना ओलांडायचेच असतील तर काटकोनात.

याच टप्प्यावर आणखी एक फसगत होते. बाजारात स्वस्त मिळणारी बरीचशी ‘कॅट-६’ केबल आतून अ‍ॅल्युमिनियमची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली की परत करा. अशी तार लवकर तुटते, तापते आणि लांबवरच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेशी वीज नेत नाही.

‘वायफाय कॅमेऱ्याला वायर नसते’, ‘नेट नसेल तर कॅमेरा बंद’

बॅटरीवरचे आणि सोलरचे सोडले तर वायफाय कॅमेऱ्यालाही विजेची वायर लागतेच. मग एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेणारी पीओई पद्धत का नको? पीओई स्विच केबलमधून कॅमेऱ्याला साधारण १५ वॅटपर्यंत वीज देतो आणि घरगुती कॅमेऱ्याला एवढी पुरून उरते. शिवाय स्विच, रेकॉर्डर आणि राउटर एका जागी असल्यामुळे तेवढीच जागा इन्व्हर्टरवर घेतली की लाइन गेल्यावरही सगळं चालू राहतं. चार कॅमेऱ्यांचा सगळा पसारा मिळून एका पंख्याएवढीच वीज खातो.

नेटचा गैरसमज गडचिरोलीत जास्त नुकसान करतो. एटापल्ली, भामरागडकडचे लोक ‘आमच्याकडे रेंजच नाही’ म्हणून कॅमेऱ्याचा विचार सोडून देतात. रेकॉर्डर आपल्या हार्ड डिस्कवर नेटशिवाय रेकॉर्डिंग करतो. नेट लागतं ते बाहेरगावाहून मोबाइलवर बघायला. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क कितीदा तरी तुटला आहे. अशा दिवसांतही वीज असेपर्यंत रेकॉर्डर आपलं काम करत असतो. उलट सगळं रेकॉर्डिंग क्लाउडवर पाठवणारा कॅमेरा सिमकार्डवर चालवून बघा. सेकंदाला २ मेगाबिटने एक कॅमेरा दिवसाला २१ जीबीच्या वर डेटा खातो आणि आपला पॅक असतो रोजच्या दोन जीबीचा! त्याच हिशोबाने चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवस पुरते. लग्नसराईत पंधरा दिवस गावाला जाणाऱ्याने २ टीबीची घ्यावी.

रेकॉर्डर खालच्या फडताळात ठेवू नये. जुलै २०२२ मध्ये इरईचं पाणी चंद्रपूरच्या वस्त्यांत शिरलं, ते विसरायला नको.

‘जास्त मेगापिक्सेल म्हणजे चेहरा दिसणारच’

इथे थोडं गणित करू. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखू यायचा तर चित्रात मीटरमागे २५० पिक्सेल लागतात, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल, म्हणजे चौकटीत पावणेआठ मीटरपेक्षा जास्त रुंदी येता कामा नये. दुकानात सर्रास मिळणारी २.८ मिलिमीटरची रुंद लेन्स एवढी रुंदी तीन मीटरवरच गाठते. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर तीनाचे चार मीटर होतात, बस. गच्चीच्या कठड्यावरून दहा मीटरवरच्या गेटकडे रोखलेला कॅमेरा कोणीतरी आलं एवढंच सांगेल. तेही वरून, टोपी आणि हेल्मेटच्या रूपात. म्हणून एक कॅमेरा गेटजवळ आठ-नऊ फुटांवर, अरुंद लेन्सचा हवा. पाईप तिथपर्यंत नेलेला असेल तरच ते जमतं.

‘वॉटरप्रूफ’चंही असंच आहे. आयपी-६६ किंवा ६७ हा शिक्का कॅमेऱ्याच्या डब्याला असतो. मागे लोंबणाऱ्या शेपटीच्या जोडाला तो लागू नसतो आणि पाणी शिरतं ते तिथूनच. जोड जंक्शन बॉक्समध्ये बंद करावा. उन्हाचा मुद्दाही आपल्याकडे खास आहे: चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या वर जातो, तोही सावलीतला. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर कॅमेऱ्याचा डबा त्याहून गरम होतो आणि कित्येक कॅमेऱ्यांची कागदावरची मर्यादा ५० अंशच असते. तेव्हा कॅमेरा छज्ज्याखाली घ्यावा. पण अगदी आत कोंबला तर रात्री त्याचाच इन्फ्रारेड उजेड छज्ज्यावर आपटून चित्र पांढरट होतं. छज्ज्याच्या पुढच्या कडेजवळची जागा बरी. दुर्गापूर, घुग्घुस, गडचांदूरकडे कोळशाची नाही तर सिमेंटची धूळ काचेवर बसते. ती पुसण्यासाठी शिडी लावता येईल अशीच जागा निवडावी. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी जाळं विणतो आणि रात्रभर मोबाइल ‘हालचाल’ म्हणून वाजत राहतो. इन्फ्रारेडचा वेगळा दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन फुटांवर लावला की हा त्रास बराच कमी होतो.

‘कॅमेरा लावला, आता बिबट्याची भीती नाही’

२०२२ मध्ये दुर्गापूर-ऊर्जानगर परिसरात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यामुळे ही समजूत कशी तयार झाली ते कळतं. पण घरगुती कॅमेऱ्याची ओळखयंत्रणा माणूस आणि वाहन हेरायला शिकवलेली असते. ‘फक्त माणूस’ हा पर्याय चालू असेल तर बिबट्या अंगणातून निघून जाईल आणि फोन गप्प राहील. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठेत वन विभागाने बसवलेले कॅमेरे वाघ ओळखून गावाला इशारा देण्यासाठीच आहेत, ती यंत्रणा निराळी. आपल्या अंगणात बिबट्याला दूर ठेवतं ते वेगळंच: रात्री गोठ्यात बंद शेळ्या, मोकाट न सोडलेला कुत्रा, साफ केलेली रायमुनियाची झुडपं, जळता दिवा. बिबट्या दिसलाच तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवावा आणि क्लिप गावच्या ग्रुपवर नंतर टाकावी.

आकाशातल्या विजेबद्दल एकच सांगतो. घरापासून लांबच्या गेटकडे किंवा गोठ्याकडे उघड्यावरून तांब्याची केबल ताणू नका. जवळपास वीज कोसळली की तो झटका केबलवरून थेट रेकॉर्डरमध्ये येतो. तेवढ्या अंतरासाठी फायबर टाकावं, काच वीज वाहून नेत नाही. शिवाय घराची अर्थिंग तपासून घ्यावी.

कामाच्या शेवटी बसवणारा पासवर्ड विचारेल, तेव्हा ‘तूच टाक’ म्हणू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातला पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. आणि कॅमेरा शेजाऱ्याच्या न्हाणीकडे किंवा मागच्या दाराकडे वळलेला नाही ना, हे स्वतः स्क्रीनवर बघून घ्या. भावकीत वाटणी झालेल्या घरात तर जास्तच. एकत्र राहणाऱ्या घरात इतरांच्या संमतीशिवाय त्यांच्या राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका भावाभावांच्या वादात सांगितलं.

गवंडी प्लास्टरला हात घालायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कुठला पाईप जमिनीपासून किती फुटांवर आहे, ते पुढे खिळा ठोकताना तेच फोटो सांगतील.