सहाव्या नंबरचा माणूस

ऑलराउंडर म्हटलं की कपिल देव आठवतो, नाहीतर रवींद्र जडेजा. बॅटिंगही करतो आणि बॉलिंगही करतो, तो ऑलराउंडर. कसोटीपुरती ही व्याख्या ठीक आहे. वीस षटकांच्या खेळात मला ती तोकडी वाटते. एका डावात १२० चेंडू यष्टींमागे उठबस करायची, आणि दुसऱ्या डावात सहाव्या-सातव्या नंबरवर जाऊन नजर बसायच्या आत फटके मारायला लागायचं, ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत. ती दोन्ही एकाच माणसाला करावी लागतात आणि दोन्हींत चूक माफ नसते. या हिशेबाने अमरावतीचा जितेश शर्मा हा आमच्या वऱ्हाडाने दिलेला मर्यादित षटकांचा सर्वांत मोठा ऑलराउंडर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

२२ ऑक्टोबर १९९३ हा त्याचा जन्मदिवस, गाव अमरावती. लहानपणी त्याला क्रिकेटर व्हायचंच नव्हतं, सैन्यदलात जायचं होतं. राज्य पातळीवर खेळलं की परीक्षेत जादा गुण मिळतात, म्हणून तो क्रिकेटकडे वळला, असं त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. अमरावतीकरांना यात नवल वाटायचं नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी ज्या गावात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं, जिथल्या खेळाडूंनी १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जाऊन मल्लखांब आणि कबड्डी दाखवली, त्या गावात पोरांना वर्दीचं वेड असतंच. अंगमेहनतीची लाज नसलेलं हे गाव आहे. मंडळाच्या आवारात मी पुष्कळदा जातो. पहाटे तिथे घाम गाळणारी मुलं पाहिली की जितेशच्या मनगटातला जोर कुठून आला असेल, याचा मला थोडा अंदाज येतो.

आता कारकिर्दीचे टप्पे भराभर सांगून टाकतो, कारण मला पोहोचायचं आहे ते लखनौला. २०१२-१३च्या कूचबिहार करंडकात १२ डावांत ५३७ धावा. २०१४मध्ये विदर्भाकडून विजय हजारे स्पर्धेत पदार्पण, २०१५मध्ये रणजी. २०१५-१६च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत ३४३ धावा, त्यात एक शतक. त्या जोरावर मुंबई इंडियन्सने १० लाखांत घेतलं आणि एकही सामना खेळवला नाही. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा दोनदा लागोपाठ रणजी करंडक जिंकला, पण लाल चेंडूच्या संघात यष्टींमागची जागा अक्षय वाडकरने पक्की केली होती. पांढरा चेंडू हेच जितेशचं शेत उरलं, आणि त्याने ते मन लावून कसलं. २०२१-२२च्या मुश्ताक अलीत २१४ धावा केल्या, त्या २३५च्या स्ट्राइक रेटने. पंजाब किंग्जने २० लाखांत घेतलं. ३ एप्रिल २०२२ रोजी चेन्नईविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात १७ चेंडूंत २६ धावा काढून त्याने आपली ओळख करून दिली. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. आयपीएलच्या हिशेबात हे वय उशिराचं.

आता सहाव्या नंबरच्या दुखण्याविषयी. सलामीवीराला पहिल्या सहा षटकांत तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक भेटतात. सहाव्या नंबरच्या माणसाला पाच भेटतात. त्यात यॉर्कर, वाइड यॉर्कर, हळू सोडलेला आखूड चेंडू, आणि हातात उरलेले दहा-पंधरा चेंडू. तो लवकर बाद झाला की बेजबाबदार ठरतो, सांभाळून खेळला तर सामना घालवतो. आपल्याकडे अजून धावांची बेरीज बघून फलंदाज तोलतात. जितेशचा २०२२चा मोसम बघा: १२ सामने, २३४ धावा. बेरीज किरकोळ वाटेल, पण स्ट्राइक रेट १६३च्या पुढचा. पुढच्या वर्षी ३०९ धावा, १५६ने. हे आकडे पुढे ठेवून मी बडनेऱ्यातल्या अनेक मित्रांशी भांडलो आहे.

या धंद्यातला धोका कळायचा तर १७ मे २०२३ची धरमशाला आठवा. या सामन्यात वऱ्हाडची दोन गावं एका धाग्यात आली. दिल्लीविरुद्ध पंजाबला २१४ धावा हव्या होत्या. अकोल्याचा अथर्व तायडे, डावखुरा, गरज पडली तर डावखुरी फिरकीही टाकणारा, १९ वर्षांखालच्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात त्रिशतक ठोकलेला पोरगा, ४२ चेंडूंत ५५ धावांवर खेळत होता. पंधरा षटकं झाली, धावगती वाढवायची होती, आणि तायडे 'रिटायर्ड आउट' होऊन स्वतःच बाहेर गेला. अर्धशतक झालेलं असताना संघासाठी विकेट सोडून देणं याला मोठं मन लागतं. त्याच्या जागी आला तो जितेश. अकोल्याच्या पोराने जागा करून दिली ती अमरावतीच्या पोरासाठी. आणि जितेश शून्यावर बाद झाला. पंजाब १५ धावांनी हरलं. त्या रात्री मला फार वाईट वाटलं होतं, तायडेसाठी जास्त की जितेशसाठी, ते आजही सांगता येणार नाही. पण चाल बरोबर होती, असंच मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो.

आता लखनौ, २७ मे २०२५. मधल्या लिलावात बंगळुरूने ११ कोटी मोजले होते. दिनेश कार्तिक निवृत्त होऊन त्याच संघाचा फलंदाजी प्रशिक्षक झाला होता. शेवटच्या षटकांचा धंदा त्याच्याइतका खोलात जाऊन केलेले लोक भारतात थोडेच. नेहमीचा कर्णधार रजत पाटीदार त्या दिवशी इम्पॅक्ट प्लेअर म्हणून खेळणार होता, म्हणून नेतृत्व जितेशकडे आलं. म्हणजे कर्णधार, यष्टिरक्षक आणि फिनिशर, तिन्ही ओझी एकाच्या खांद्यावर. लखनौच्या कर्णधार ऋषभ पंतने नाबाद ११८ धावा कुटल्या, संघाच्या २२७ झाल्या. ती वीस षटकं जितेशने यष्टींमागून पाहिली. कुठला चेंडू थांबून येतोय, कुठला बॅटवर नीट येतोय, हे यष्टिरक्षकाइतकं जवळून कोणालाच दिसत नाही. त्याच्या बॅटिंगची निम्मी तयारी तिथेच होते, असं मला वाटतं.

त्या रात्री मी मुंबईकडून येणाऱ्या पाहुण्यांना घ्यायला बडनेरा स्टेशनवर गेलो होतो. अमरावतीचं मुख्य लाइनवरचं स्टेशन बडनेराच. मुख्य लाइनवरून पुढे जाणाऱ्या गाडीने आलेला अमरावतीकर इथेच उतरतो. गाडी उशिरा होती आणि बाकड्यावर एका मोबाइलभोवती अनोळखी माणसं गोळा झाली होती. कोहली ५४वर बाद झाला, ४ बाद १२३. मागे उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "काहून जी, आपला पोट्टा आला का बॅटिंगले?" आला होता. ५२ चेंडू, १०५ धावा हव्या होत्या.

पुढचं मी तोंडपाठ सांगू शकतो. समोर मयंक अगरवाल शांत उभा. जितेशने जागा बदलून, खाली वाकून, डोक्यावरून, यष्टिरक्षकामागून फटके मारले. विल्यम ओ'रूर्कच्या चार षटकांत ७४ धावा गेल्या. दिग्वेश राठीच्या चेंडूवर रिव्हर्स स्वीप मारताना जितेश ४९वर झेलबाद झाला. पाहिलं तर राठीचा मागचा पाय रिटर्न क्रीजला लागलेला, नो-बॉल. फ्री हिटवर षटकार, २२ चेंडूंत अर्धशतक. मग त्याच राठीने त्याला नॉन-स्ट्रायकर टोकाला धावबाद करायचा प्रयत्न केला. तिसऱ्या पंचांनी नाबाद दिलं, पंतनेही अपील मागे घेतलं. नियमाप्रमाणे असा धावबाद योग्यच असतो आणि पंतने अपील ठेवलं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता. पण त्याने मारलेली मिठी मला आवडली. १८.४ षटकांत सामना संपला. जितेश ३३ चेंडूंत नाबाद ८५, आठ चौकार, सहा षटकार. आयपीएलमधल्या यशस्वी पाठलागात सहाव्या किंवा त्याखालच्या नंबरवरची ही सर्वोच्च खेळी. आधीचा आकडा धोनीचा, २०१८मधला नाबाद ७०. बाकड्याभोवतीची माणसं एकमेकांना टाळ्या देत होती. पाहुण्यांची गाडी केव्हा लागली ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्या विजयाने बंगळुरू पहिल्या दोनांत आलं आणि ३ जूनला अहमदाबादेत करंडक जिंकला. समोर जितेशचा जुना संघ पंजाब होता. अंतिम सामना सहा धावांनी सुटला. जितेशच्या १० चेंडूंत २४ होत्या. सहा धावांचा फरक आणि ते दहा चेंडू शेजारी ठेवून पाहा. त्या दिवशी कोहलीच्या ४३वर जितकं लिहिलं गेलं, त्याच्या पाव हिश्शानेही या चोवीसांवर लिहिलं गेलं नाही, हा मला अन्याय वाटतो.

भारतासाठी मात्र त्याच्या ओंजळीत फार पडलेलं नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नेपाळविरुद्ध पदार्पण झालं आणि पहिल्या नऊ टी-ट्वेंटीत १०० धावा झाल्या. त्यातली रायपूरची १९ चेंडूंत ३५, ऑस्ट्रेलियाविरुद्धची, अस्सल जितेशछाप होती. २०२५च्या आशिया चषकाच्या संघात त्याला पुन्हा घेतलं. स्थानिक क्रिकेटसाठी तो विदर्भ सोडून बडोद्याकडे गेला, ही बातमी आली तेव्हा इकडे हळहळ झाली. मला त्याचा निर्णय पटतो. व्यावसायिक खेळाडूला खेळायला मिळणं आधी लागतं.

माझी एक विनंती आहे, आपल्या भागात उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, कुठेही मी जातो तेव्हा 'मॅन ऑफ द सिरीज'ची सायकल सर्वांत जास्त धावा काढणाऱ्याला मिळते, आणि तो बहुधा सलामीला खेळलेला असतो. स्कोअरबुकात धावांसमोर खेळलेले चेंडूही लिहून ठेवा. यष्टिरक्षकाच्या नावापुढे झेल आणि यष्टिचीत लिहा. आणि पाचव्या नंबरच्या खाली खेळणाऱ्या मुलासाठी यंदापासून एक वेगळं बक्षीस ठेवा.