विश्लेषण : भुवयांचा ‘सेमी-परमनंट’ मेकअप खरेच पुसला जातो का? कर्जत-खालापुरात करून घेण्यापूर्वी काय तपासावे?

पार्लरमध्ये ‘आयब्रो करणे’ म्हणजे इतकी वर्षे दोऱ्याचे काम होते. हात चुकला, भुवई बारीक झाली, तरी महिना-दीड महिन्यात केस पुन्हा उगवत. आता त्याच खुर्चीत ‘मायक्रोब्लेडिंग’, ‘पावडर ब्रो’, ‘ओम्ब्रे ब्रो’ ही नावे ऐकू येतात. मुंबई-पुण्यातील हे काम लोकलने आणि इन्स्टाग्रामने रायगडच्या कर्जत, नेरळ, खोपोलीपर्यंत आणले आहे. रोज पहाटेची लोकल पकडणाऱ्या नोकरदार तरुणी, लग्न ठरलेल्या मुली आणि आजारपणात भुवया गेलेल्या स्त्रिया अशा तिघींनाही त्याचे आकर्षण आहे. मात्र दोऱ्याच्या आणि या कामात एक मूलभूत फरक आहे. इथे त्वचा चिरली जाते.

नेमके काय केले जाते?

मायक्रोब्लेडिंगमध्ये पेनासारख्या दांडीला अतिशय बारीक सुयांची एक ओळ बसवलेली असते. तिला ब्लेड म्हणत असले तरी त्या सुयाच असतात. त्यांनी भुवईच्या केसांच्या दिशेने एकेक रेघ ओढली जाते आणि त्या चिरेत रंगद्रव्य मुरवले जाते. नीट जमले तर रेघ केसासारखी दिसते. पावडर ब्रोमध्ये हाती रेघा नसतात. छोट्या यंत्राच्या सुईने ठिपके देत पेन्सिल फिरवल्यासारखी छटा आणली जाते. दोन्हींची सरमिसळही करतात.

काम साधारण दोन-तीन तासांचे असते. त्यातला बराच वेळ सुई हातात घेण्यापूर्वीच जातो आणि तो जायलाच हवा. नाकपुडी, बुबुळ आणि डोळ्याचा बाहेरचा कोपरा यांच्या आधाराने भुवईची सुरुवात, उंची आणि शेवट आखतात. नंतर बधिर करणारे मलम लावतात, मग काम सुरू होते. सहा ते आठ आठवड्यांनी दुसरी बैठक होते, तिला टचअप म्हणतात. पहिल्या वेळी रंग सगळीकडे सारखा धरत नाही, त्यामुळे टचअप हा कामाचाच भाग आहे. दर ठरवताना त्याचे पैसे धरले आहेत की नाहीत, हे आधी विचारावे.

‘सेमी’ म्हणजे किती?

एक ते तीन वर्षे, असे सांगितले जाते. पण ‘तीन वर्षांनी कोरी पाटी’ असा त्याचा अर्थ घेऊ नये. त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. रंग फक्त तिथेच असता तर महिन्याभरातच खपलीबरोबर निघून गेला असता. तो वर्षभर टिकतो, कारण तो खालच्या थराच्या वरच्या भागापर्यंत पोहोचतो. टॅटूचा रंगही याच थरात बसतो.

तिथे तो टिकतो कसा, याचा एक रंजक खुलासा फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून केला. शरीरातील रोगप्रतिकारक पेशी रंगाचे कण गिळतात. त्या मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. रंग जागेवरच हातोहात फिरत राहतो. भुवईच्या मेकअपमध्ये रंग कमी आणि उथळ असतो, ऊनही तो फिकट करते. त्यामुळे तो टॅटूपेक्षा लवकर विटतो, इतकेच. हात खोल गेला तर ‘सेमी’ हा शब्द गळून पडतो.

या तालुक्यांना ही गोष्ट नवी नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यातील ठाकूर वाड्यांवर वयस्क बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदण दिसते. मेल्यावर सोबत येते ते गोंदणच, असे मानणारी ही पिढी. सुई आणि काळा रंग याच दोन गोष्टी तेव्हा होत्या आणि आताही त्याच आहेत. पण दोन वर्षांत जाईल, असे गोंदणारणीने कोणाला सांगितले नव्हते.

उरणाऱ्या रंगाची तऱ्हाही लक्षात घ्यावी. लोहाचे ऑक्साइड असलेल्या तपकिरी छटा कालांतराने लालसर, नारिंगी होऊ शकतात. कार्बनची काळी छटा करडी किंवा निळसर दिसू लागते. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर कोणती छटा वर्षभराने कशी दिसेल, हे ज्याला सांगता येते तो कसबी. पहिल्या दिवसाचा फोटो तर सगळ्यांचाच छान येतो.

तेलकट त्वचेला काय चालते?

रेघांची मायक्रोब्लेडिंग कोरड्या किंवा सर्वसाधारण त्वचेवर चांगली बसते. तेलकट, मोठ्या रंध्रांच्या त्वचेवर रेघा काही महिन्यांत पसरून एकमेकींत मिसळतात. कोकणच्या दमट हवेत बारमाही घाम आणि चेहऱ्यावर तेल असलेल्यांना म्हणूनच पावडर पद्धत अधिक सोयीची ठरते. ‘तुमची त्वचा तेलकट आहे, रेघा टिकणार नाहीत’ असे सांगून महागडे काम नाकारणारी व्यक्ती भेटली, तर तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

कुशल हात ओळखायचा कसा?

खरी अडचण इथेच आहे. पार्लरच्या भिंतीवरचे कागद याबाबत फार काही सांगत नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजके कामगार असलेल्या छोट्या व्यवसायाला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ‘शॉप ॲक्ट’ म्हणून लावलेला कागद म्हणजे त्या सूचनेची पोच. उद्यम नोंदणीही स्वतःच्या घोषणेवर मिळते. दोन्ही कागद व्यवसायासाठी गरजेचे आहेत, पण हात किती तयार आहे किंवा सुई किती स्वच्छ आहे, याची तपासणी त्यात झालेली नसते. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि तो केलेल्या व्यक्तीला त्वचेची, स्वच्छतेची पायाभूत समज असते. पण दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेनंतर मिळणाऱ्या चकचकीत प्रमाणपत्राला तेवढे वजन देता येणार नाही.

मग पाहायचे काय? भरलेल्या जखमेचे फोटो मागावेत. काम झाल्या झाल्या काढलेले नकोत. सहा आठवड्यांनंतरचे आणि वर्षानंतरचे हवेत, आपल्यासारख्या रंगाच्या त्वचेवरचे हवेत. शक्य असेल तर त्यातल्या एखादीला प्रत्यक्ष भेटावे. कर्जत किंवा खोपोलीसारख्या गावात ते अवघड नाही, कोणी ना कोणी ओळखीचे निघतेच.

आखणी झाल्यावर उठून बसावे आणि दिवसाच्या उजेडात आरसा पाहावा. झोपल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते, त्यामुळे आडवे असताना सारख्या दिसणाऱ्या भुवया उभ्याने वरखाली दिसू शकतात. आखणी पसंत नसेल तर पुसायला सांगताना संकोच करू नये. कसबी व्यक्ती रागवत नाही. उलट ती आजार, औषधे, ॲलर्जी विचारते, लिहून घेते, रंगाची व मलमाची चाचणी एक-दोन दिवस आधी कानामागे किंवा हातावर करते आणि प्रसंगी ‘आज नको’ म्हणते.

या भागात आणखी एक प्रश्न विचारायला हवा : टचअपला ही व्यक्ती सापडेल का? शनिवार-रविवारी मुंबईहून किंवा पनवेलहून येऊन घरी काम करून देणाऱ्या ताईचा हात उत्तम असू शकतो. पण सहा आठवड्यांनी तिची तारीख मिळाली नाही, किंवा चौथ्या दिवशी डोळा सुजला तेव्हा फोन लागला नाही, तर स्वस्तात झालेले काम महाग पडते. गावातच बसणाऱ्या, चार लोकांत वावरणाऱ्या व्यावसायिकाचा हा मोठा फायदा असतो. कर्जतहून बदलापूर-कल्याणला जाऊन करून घ्यायचे असेल, तर परतीचा प्रवास गर्दीच्या वेळी ठेवू नये. खोपोलीकरांना तर पुढच्या गाडीची वाट पाहत कर्जतच्या फलाटावर घाम पुसत थांबावे लागते, आणि ताज्या भुवयांना नेमका तोच चालत नाही.

सुई, शाई आणि पाणी

सुई एकदाच वापरायची. बंद पाकिटातली, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली सुई आपल्यासमोर उघडली पाहिजे. ‘धुऊन ठेवलीय’, ‘डेटॉलमध्ये बुडवलीय’, ‘यूव्हीच्या पेटीत होती’ ही उत्तरे पुरेशी नाहीत. पार्लरमधली निळ्या दिव्याची पेटी स्वच्छ वस्तू ठेवायला ठीक, पण रक्त लागलेली सुई ती निर्जंतुक करत नाही. त्यासाठी ऑटोक्लेव्हमधील दाबाखालची वाफ लागते. हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि एचआयव्ही दूषित सुईतून पसरू शकतात. हेपटायटिस बी लसीने टाळता येतो. कातड्याला सुई लावणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाने ती घेतलेली असावी.

शाईही तितकीच महत्त्वाची. २०११ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरमध्ये टॅटू काढलेल्या १९ जणांना क्षयाच्या जिवाणूच्या कुळातील एका जिवाणूची लागण झाली. मूळ सापडले ते कारखान्यातच पातळ करून आलेल्या करड्या शाईत. दुकान स्वच्छ होते की नाही, हा प्रश्नच त्यात उरला नव्हता. त्यामुळे रंग नळाच्या किंवा जारच्या पाण्यात पातळ करताना दिसला, तर तिथून उठावे. त्याआधी २००३-०४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे परमनंट मेकअपच्या काही छटांबद्दल दीडशेहून अधिक तक्रारी आल्या होत्या. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटू आणि परमनंट मेकअपच्या शाईतील हजारो रसायनांवर मर्यादा आणल्या. आपल्याकडे ग्राहकाने निदान बाटलीवरचे नाव, घटक आणि मुदत पाहून तिचा फोटो काढून ठेवावा. पुढे ॲलर्जी झाली तर त्वचारोगतज्ज्ञाला तोच उपयोगी पडतो.

कोणी थांबावे?

गरोदर आणि स्तनदा मातांनी थांबलेले बरे. मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. त्या गोळ्या मेकअपसाठी परस्पर बंद करू नयेत. जखमेचा व्रण गाठीसारखा वाढण्याची प्रवृत्ती असलेल्यांना धोका अधिक. कोड किंवा सोरायसिस असेल तर जिथे त्वचा चिरते तिथेच नवा डाग उमटू शकतो.

केमोथेरपीत भुवया जाणाऱ्या स्त्रियांसाठी हा मेकअप नुसती हौस नसतो. आरशात आपला चेहरा ओळखू येण्याचा तो प्रश्न असतो. पण उपचार सुरू असताना प्रतिकारशक्ती घटलेली असते आणि साधा संसर्गही जड जातो. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’सारख्या केंद्रात उपचार चालू असतील, तर तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तारीख ठरवू नये. तोवर भुवईची पेन्सिल आहेच.

रक्तदान करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निकषांनुसार गोंदवल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. ‘हा तर मेकअप’ म्हणून शिबिरात ही माहिती लपवू नये. एमआरआय करतानाही सांगावे, कारण लोहयुक्त रंगाच्या जागी क्वचित चटका किंवा सूज जाणवते.

तारीख कधीची घ्यावी?

पहिले तीन-चार दिवस भुवया इतक्या गडद दिसतात की बहुतेकींना धास्ती वाटते. मग खपली सुटते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रंग गेलाच, असे वाटते. महिना-दीड महिन्याने तो स्थिरावतो. खपली ओढायची नाही, पहिले आठ-दहा दिवस भुवई भिजू द्यायची नाही, घाम येईल असे काम टाळायचे आणि उन्हात टोपी किंवा छत्री घ्यायची.

हा हिशोब लग्नाला लावला तर पहिली बैठक सुमारे तीन महिने आधी हवी. मे महिन्यातल्या लग्नासाठी फेब्रुवारी. हळदीच्या आठवड्यात टचअप घेणे म्हणजे भरत्या जखमेवर हळद चोळून घेणे. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी मात्र बैठक नेमकी ऑगस्टमध्ये येते, म्हणजे ऐन पावसात. भाताची लावणी संपलेली असेल, घरून फार बाहेर पडायचे नसेल, तर तेही जमते. पण त्या पंधरवड्यात भिवपुरीचा किंवा खोपोलीचा झेनिथ धबधबा नको. उघड्या जखमेला ते पाणी चालत नाही.

बिघडले तर?

पहिले दोन दिवस थोडी लाली, सूज असतेच. त्यानंतर दुखणे वाढले, पू आला, ताप आला, सूज डोळ्यापर्यंत उतरली, तर पार्लरवाल्यांच्या मलमावर दिवस काढू नयेत. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जावे. महिन्यांनी गाठी किंवा खाज उद्भवली तर त्वचारोगतज्ज्ञच हवा.

आकार बिघडल्यास वरून दुसरा रंग भरून लपवणे हा मोहाचा मार्ग, पण त्याने रंगाचे थर वाढतात. लेझरने रंग काढता येतो, त्याला अनेक बैठका आणि बऱ्याचदा मूळ कामापेक्षा जास्त पैसे लागतात. शिवाय लोहाच्या किंवा पांढऱ्या रंगावर लेझर पडला की तो अचानक काळवंडू शकतो. म्हणून आधी छोट्या जागेवर चाचणी करणारा त्वचारोगतज्ज्ञच गाठावा.

पैसे देताना बिल घ्यावे, त्यावर कामाचे नाव आणि तारीख असावी. पैसे घेऊन दिलेली ही सेवा असल्याने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तिला लागू होतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तिथे तोडगा निघाला नाही तर अलिबागच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी तिथे शुल्क नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. सोबत बिल, आधीचे-नंतरचे फोटो, शाईच्या बाटलीचा फोटो आणि डॉक्टरांचा कागद जोडावा.