क्रिप्टो वॉलेटला नाव देताना

इथेरियमच्या जाळ्यावरील प्रत्येक वॉलेटचा पत्ता ४२ चिन्हांचा असतो. सुरुवातीला शून्य आणि रोमन एक्स ही ठरलेली जोडी आणि तिच्यापुढे शून्य ते नऊ हे अंक व ए ते एफ ही अक्षरे मिसळून झालेली ४० चिन्हांची रांग. ती पाठ होत नाही, फोनवर सांगता येत नाही आणि हाताने उतरवून घेतली तर हमखास चुकते. म्हणून सगळे जण पत्ता कॉपी करून पेस्ट करतात. भामट्यांनी नेमकी ही सवय हेरली आहे. एखादा माणूस ज्या पत्त्यावर नेहमी पैसे पाठवतो, त्याच्याशी पहिली आणि शेवटची काही चिन्हे जुळणारा पत्ता ते तयार करतात. त्यावरून त्या माणसाच्या वॉलेटमध्ये नगण्य रकमेचा व्यवहार करतात आणि पुढच्या वेळी तो जुन्या व्यवहारांच्या यादीतून खोटा पत्ता उचलेल याची वाट पाहतात. मे २०२४ मध्ये अशा एका चुकीमुळे सुमारे ६.८ कोटी डॉलर किमतीचे रॅप्ड बिटकॉइन भलत्याच पत्त्यावर गेले. वाटाघाटींनंतर त्यातले बहुतेक परत मिळाले. पण हा अपवाद आहे. ब्लॉकचेनवर एकदा झालेला व्यवहार कोणतीही बँक किंवा कार्यालय मागे घेऊ शकत नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून वॉलेटला वाचता येईल असे नाव देण्याच्या पद्धती निघाल्या. बँक खात्याच्या क्रमांकाऐवजी यूपीआय आयडी सांगावा, तसे इथे चिन्हांच्या रांगेऐवजी नाव सांगायचे आणि नावामागचा पत्ता शोधण्याचे काम वॉलेटवर सोपवायचे. फरक मोठा आहे तो जबाबदारीत. यूपीआयमागे बँक उभी असते. इथे नाव कोणी घेतले, ते कोणत्या पत्त्याकडे बोट दाखवते आणि त्याची मुदत कधी संपते, हे सारे नावाच्या मालकालाच सांभाळावे लागते.

कल्पनेची वाटचाल

संगणकाच्या जाळ्यावरील नावांबद्दल झूको विल्कॉक्स यांनी २००१ मध्ये एक तिढा मांडला. नाव माणसाला कळेल असे असावे, त्याची नक्कल करता येऊ नये आणि ते कोणा एका मध्यवर्ती संस्थेच्या हाती नसावे, या तीन गोष्टी एकाच वेळी साधणे अवघड आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नेहमीच्या वेबसाइटची नावे पहिल्या दोन अटी पूर्ण करतात, पण त्यांच्या मुळाशी आयकॅन ही संस्था आहे. वॉलेटचे पत्ते शेवटच्या दोन अटी पूर्ण करतात, पण ते वाचता येत नाहीत.

बिटकॉइनच्या धर्तीवर एप्रिल २०११ मध्ये सुरू झालेल्या नेमकॉइनने हा तिढा सोडवण्याचा पहिला ठोस प्रयत्न केला. डॉट-बिट हा त्याचा नावविस्तार. नाव नोंदवणे अतिशय स्वस्त असल्यामुळे लोकांनी ओळखीच्या कंपन्यांची आणि नेहमीच्या शब्दांची नावे घाऊक भावाने अडवून ठेवली. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये या व्यवस्थेची पाहणी केली. तेव्हा नोंदलेल्या सुमारे १,२०,००० नावांपैकी साठेबाजीत न अडकलेली आणि मागे काही खरा मजकूर असलेली नावे अवघी २८ निघाली. तंत्र चालत होते, पण नावाला किंमत नसेल तर नाव वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, हा धडा त्यातून मिळाला.

इथेरियम नेम सर्व्हिस म्हणजे ईएनएस ही या क्षेत्रातली आज सर्वांत रुळलेली व्यवस्था. इथेरियम फाउंडेशनमध्ये काम करणारे निक जॉन्सन आणि अ‍ॅलेक्स व्हॅन डे सांदे यांनी ती उभी केली. मार्च २०१७ मधली पहिली सुरुवात प्रोग्राममधील दोषांमुळे मागे घ्यावी लागली आणि ४ मे २०१७ रोजी ती पुन्हा सुरू झाली. सुरुवातीला नावे बंद बोलीच्या लिलावाने दिली जात आणि बोलीची रक्कम अनामत म्हणून अडकून राहत असे. मे २०१९ पासून त्याजागी वार्षिक भाडे आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्यवस्थेचे निर्णय ईएनएस टोकन बाळगणाऱ्यांच्या मतदानाकडे सोपवण्यात आले. या व्यवस्थेतल्या नावांच्या शेवटी डॉट-ईथ असते. इथेरियमचे जनक विटालिक बुटेरिन यांचे ‘विटालिक डॉट-ईथ’ हे त्यातले सर्वांत परिचित नाव.

नावामागचे यंत्र

ईएनएसचे दोन मुख्य भाग आहेत आणि दोन्ही इथेरियमवरील स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारे प्रोग्राम आहेत. पहिला भाग नोंदवहीचा. अमुक नाव कोणाचे आणि त्याची माहिती कोठे मिळेल, एवढेच तिच्यात असते. दुसऱ्या भागाला रिझॉल्व्हर म्हणतात. नावाशी जोडलेला प्रत्यक्ष पत्ता तो सांगतो. वॉलेटमध्ये कोणी नाव टाइप केले की वॉलेट आधी नोंदवहीला विचारते, ती रिझॉल्व्हर दाखवते आणि रिझॉल्व्हर पत्ता देतो. एकाच नावाखाली इथेरियमबरोबर बिटकॉइनसारख्या इतर चलनांचे पत्ते, वेबसाइटचा दुवा, ईमेल आणि छायाचित्रही नोंदवता येते.

डॉट-ईथ नाव स्वतः एक एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेनवर नोंदलेली एकमेव डिजिटल वस्तू असते. ते ज्या वॉलेटमध्ये आहे, त्या वॉलेटची खासगी किल्ली ज्याच्या हाती तो त्याचा मालक. ते विकता येते, दुसऱ्याला देता येते आणि किल्ली गेली तर कायमचे गमावताही येते. मालकाला नोंदी बदलण्याचे अधिकार व्यवस्थापक म्हणून दुसऱ्या वॉलेटला देता येतात. त्यामुळे नाव हार्डवेअर वॉलेटमध्ये सुरक्षित ठेवून रोजचे काम वेगळ्या वॉलेटमधून करता येते.

खर्च आणि मुदत

पाच किंवा त्याहून अधिक अक्षरांच्या नावाला वर्षाला ५ डॉलर, चार अक्षरांच्या नावाला १६० डॉलर आणि तीन अक्षरांच्या नावाला ६४० डॉलर असे भाडे ईएनएसने ठरवले. तीनपेक्षा कमी अक्षरांची नावे मिळत नाहीत. भाडे ईथरमध्ये, म्हणजे इथेरियमच्या चलनात भरायचे असते आणि त्याशिवाय प्रत्येक व्यवहाराला गॅस, म्हणजे जाळ्याचे शुल्क पडते. गर्दीच्या वेळी गॅस भाड्याहून महाग पडू शकतो. एकदम अनेक वर्षांचे भाडे भरले तर दर वर्षीचा गॅस वाचतो.

देवनागरी नावांच्या बाबतीत मोजणीची पद्धत लक्षात घ्यावी लागते. ही व्यवस्था युनिकोडची चिन्हे मोजते, त्यामुळे काना, वेलांटी, मात्रा ही स्वतंत्र चिन्हे ठरतात. ‘आई’ दोन चिन्हांचे असल्याने बसत नाही. दोनच अक्षरांचे दिसणारे ‘मीरा’ मोजणीत चार भरते आणि महागड्या गटात जाते. ‘सविता’ पाच भरते, म्हणून ते साध्या दरात मोडते.

मुदत संपल्यावर ९० दिवसांची सवलत असते. या काळात मूळ मालक नेहमीच्या दराने नूतनीकरण करू शकतो. त्यानंतर नाव सर्वांसाठी खुले होते, पण २१ दिवस त्यावर जादा रक्कम असते. ती १० कोटी डॉलरपासून सुरू होते आणि दर दिवशी निम्मी होत शून्यावर येते. चांगल्या नावावर कोणा एकाने स्वयंचलित प्रोग्रामने झडप घालू नये, हा त्यामागचा हेतू. कोणाच्याही नावाचे भाडे कोणालाही भरता येते. त्याने मालकी बदलत नाही. संस्थेचे किंवा घरातल्या ज्येष्ठांचे नाव जिवंत ठेवण्यासाठी ही सोय उपयोगी पडते.

भारतात आभासी डिजिटल मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के प्राप्तिकर आहे आणि जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेवरील व्यवहारांवर एक टक्का टीडीएस कापला जातो. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. एनएफटीही या व्याख्येत येतात, त्यामुळे नाव नफ्याने विकणाऱ्याने खरेदीची तारीख, त्या दिवशीचा ईथरचा रुपयातला भाव आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवावा. क्रिप्टो एक्स्चेंजना मार्च २०२३ पासून मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायदा लागू आहे. ईथर घेताना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी केलेले एक्स्चेंजच निवडावे.

नोंदणीचे टप्पे

आधी स्वतःच्या ताब्यातले वॉलेट लागते. मेटामास्क हे त्याचे प्रचलित उदाहरण. ते तयार होताना १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांची रांग मिळते. ती कागदावर लिहून सुरक्षित ठेवावी. तिचा फोटो काढू नये, ती ईमेलमध्ये किंवा क्लाउडवर ठेवू नये. नाव नोंदवताना, बदलताना किंवा विकताना हे शब्द कोणीही मागत नाही. मागणारा फसवतो आहे, असेच समजावे. वॉलेटमध्ये भाडे आणि गॅस भागेल इतके ईथर घ्यावे आणि ईएनएसचे अधिकृत संकेतस्थळ उघडावे. शोधयंत्रातील जाहिरातीवरून तिथे जाऊ नये, कारण हुबेहूब दिसणारी खोटी पाने त्या वाटेने भेटतात.

हवे ते नाव मोकळे आहे का पाहून वर्षे निवडली की नोंदणी दोन व्यवहारांत होते. पहिल्या व्यवहारात नावाचे नुसते गुप्त ठसे ब्लॉकचेनवर जातात. त्यानंतर निदान एक मिनिट थांबावे लागते आणि २४ तासांच्या आत दुसऱ्या व्यवहाराने नाव उघड करून भाडे भरायचे असते. ब्लॉकचेनवर व्यवहार पक्का होण्याआधी तो सर्वांना दिसतो. नाव थेट पाठवले तर एखादा जास्त गॅस भरून ते आधी पळवू शकतो. दोन टप्प्यांमुळे ही वाट बंद होते.

नाव हाती आल्यावर दोन नोंदी तपासाव्यात. पहिली, नाव कोणत्या पत्त्याकडे नेते याची. दुसरी उलट दिशेची, म्हणजे पत्त्यावरून नाव दाखवणारी. तिला प्रायमरी नेम म्हणतात. पहिली झाली की लोक नावावर पैसे पाठवू शकतात, दुसरी झाली की इतरांच्या वॉलेटमध्ये पत्त्याजागी नाव दिसते. एक्स्चेंजने दिलेला ठेवीचा पत्ता नावाला जोडू नये. तो एक्स्चेंजच्या ताब्यात असतो आणि बदलू शकतो.

इतर विस्तार आणि मर्यादा

२०१८ मध्ये स्थापन झालेली अनस्टॉपेबल डोमेन्स ही कंपनी डॉट-क्रिप्टोसारखी नावे एकदाच पैसे घेऊन देते, वार्षिक भाडे घेत नाही. सोलाना जाळ्यावर डॉट-सोल नावे आहेत. कॉइनबेसच्या बेस जाळ्यावर २०२४ पासून ‘बेस डॉट-ईथ’खाली पोटनावे मिळतात आणि त्यांचा गॅस मुख्य जाळ्यापेक्षा बराच कमी असतो. ज्याच्याकडे वेबसाइटचे नेहमीचे डोमेन आहे, त्याला तेही ईएनएसमध्ये आणता येते.

विस्तार कोणता घ्यायचा हे ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात: पैसे पाठवणाऱ्यांची वॉलेट्स तो विस्तार ओळखतात का आणि तेच नाव दुसरे कोणी विकत आहे का. नावांचे वाटप करणारी एकच संस्था नसल्याने टक्कर होऊ शकते. एमरकॉइन नावाची जुनी व्यवस्था डॉट-कॉइन आधीपासून वापरते हे लक्षात आल्यावर अनस्टॉपेबल डोमेन्सने २०२२ मध्ये आपली डॉट-कॉइन नावे बंद केली. डॉट-ईथलाही आयकॅनच्या मूळ यादीत जागा नाही. तीन अक्षरी देशसंकेतांमध्ये ईटीएच हा इथिओपियाचा संकेत आहे आणि असे संकेत आयकॅन नावविस्तार म्हणून देत नाही. त्यामुळे बहुतेक ब्राउझर ही नावे थेट उघडत नाहीत आणि वेबसाइटसाठी मधला दुवा लागतो. ‘ईथ डॉट-लिंक’ हा असाच दुवा होता. त्याच्या साध्या डोमेनचे नूतनीकरण करू शकणारा एकमेव माणूस तुरुंगात असल्याने २०२२ मध्ये ते डोमेन धोक्यात आले आणि प्रकरण न्यायालयात गेले.

नावामुळे खासगीपणाही कमी होतो. पत्ता निनावी असतो. त्याला स्वतःचे नाव जोडले की शिल्लक आणि आजवरचा प्रत्येक व्यवहार कोणालाही पाहता येतो. म्हणून जाहीर नावाचे वॉलेट वेगळे ठेवावे आणि बचतीचे वेगळे.

नावावर पैसे पाठवताना

हे नाव माणसाची ओळख पटवत नाही. एखाद्या नामवंत व्यक्तीचे किंवा कंपनीचे नाव कोणीही आधी घेऊ शकतो. भिन्न लिपींतली सारखी दिसणारी अक्षरे वापरूनही फसवणूक होते. रशियन लिपीतले ए आणि रोमन ए डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. एका नावात अशा लिपींची सरमिसळ रोखणारे नियम ईएनएसने २०२३ मध्ये आणले, तरी एखादे अक्षर वाढवलेले किंवा गाळलेले नाव त्यातून सुटते.

त्यामुळे नाव संदेशातून न घेता त्या व्यक्तीकडून दुसऱ्या मार्गाने पडताळून घ्यावे. वॉलेटने नावापुढे दाखवलेला पूर्ण पत्ता पाहावा, आधी लहान रक्कम पाठवावी आणि ती पोहोचल्याचे कळल्यावरच उरलेली पाठवावी. जुन्या ओळखीच्या नावावर पाठवतानाही पत्ता बदललेला दिसला तर थांबून विचारावे. मालकाने तो स्वतः बदलला असेल, किंवा मुदत संपून नाव दुसऱ्याच्या हाती गेले असेल.