मुरमाड जागेत फुलांचा ताटवा

मुलांनो, शाळेमागची मुरमाड जागा पाहून तुम्ही म्हणता, "इथं काय उगवणार?" पण खडकावर फुले येतात हे आपल्या सातारा जिल्ह्याला कुणी सांगायला नको. कासच्या पठारावर जांभा खडक आहे. त्यावर मातीचा थर अगदी पातळ. तरी पावसाळा सरता सरता सारे पठार फुलून येते. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचाही जागतिक वारशात समावेश झाला.

हे होते कसे? कसदार जमिनीत गवत माजते व लहान रोपांना झाकून टाकते. कातळावर गवताला तेवढे बळ मिळत नाही. म्हणून तेरडा, सोनकी यांना ऊन आणि जागा मिळते. सीतेची आसवे ही वनस्पती तर बारीक जीव आपल्या इवल्याशा पिशव्यांत पकडते आणि मातीतली उणीव भरून काढते!

आपण तेरडा आणि तरवड लावू.

तेरड्याची पिकलेली बोंडे हात लावताच फट्‌दिशी फुटतात व बी उडते. म्हणून बोंडावर कागदाची पिशवी धरूनच ती तोडा. बी सावलीत वाळवून काड्याच्या पेटीत ठेवा. जूनमध्ये चांगला पाऊस झाला की दगडांच्या फटीत माती थोडी उकरून बी टाका. वर चिमूटभर माती पुरे. पाणी तुंबू देऊ नका.

तरवडाचे बी टणक असते. ते खरबरीत दगडावर जरा घासून, रात्रभर भिजवून पेरा. हे झुडूप उन्हाला दाद देत नाही. गुरेही त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणजे कुंपण नसले तरी चालेल.

शेणखत मात्र घालू नका. खत पडले की गवतच आधी वर येईल.

आता महत्त्वाचे. गौरीसाठी आपण तेरडा मुळासकट उपटतो. बी पडण्याआधीच सगळी रोपे नेली, तर पुढल्या वर्षी तिथे काय उगवेल? म्हणून प्रत्येक ठिकाणी काही रोपे बियांसाठी राखा. बी बांधावरून, रस्त्याच्या कडेने घ्या; कासच्या पठारावरून काहीही आणू नका. आपल्या शाळेमागे तेरडा रुजला, तर गौरीला लागणारी रोपे आपल्याच अंगणात मिळतील आणि डोंगरावरचा तेरडा डोंगरावरच राहील.

तर मग, यंदा काड्याच्या रिकाम्या पेट्या टाकू नका. दप्तरात ठेवा!